सुई वाटता येत नाई

नागपूरचे सायब आमाले औषध लिहाले शिकवाले आले, तवा माझे अर्धे केस कामरगावच्या बोर्डाच्या दवाखान्यात पिकून चुकले होते. मी डॉक्टर मारोतराव गावंडे. लोक मले सुईवाला डॉक्टर म्हणतात. म्हणोत बापा! तापानं फणफणलेला माणूस सुई मागते अन् मी त्याले सुई देतो, यात चोरी कोठी हाये? पण सायबाच्या मते होती. त्यायनं म्हणे जिल्ह्यातल्या साऱ्या डॉक्टरायच्या चिठ्ठ्या गोळा केल्या, टेबलावर पसरल्या, अन् आमी कोण कसे चुकतो ते नागपूरले बसल्या बसल्या ठरवून टाकलं. उंटावरून शेळ्या हाकणारे मी लय पाह्यले. हे त उंटावरही बसले नव्हते.

कारंज्याच्या शाळेत सभा ठेवली. आमी सारे डॉक्टर, कोणाचं पोट सुटलेलं, कोणाले नातू झालेले, अन् बसवलं कोठी त पोट्ट्यायच्या बाकांवर, गुडघे छातीले लावून. समोर फळा. फळ्यासमोर इंद्रभानसायब, खडू घेऊन. वयानं माझ्याहून लहान, बोलणं गोड. गोड बोलणाऱ्याचा मले पहिलेपासूनच राग येते.

"तापाला सुई, खोकल्याला सुई, अंग दुखलं तरी सुई," सायब म्हणाले. "आधी रोगी तपासा. गोळीनं भागत असेल तिथं गोळी द्या. आणि जे द्याल ते पुरे दिवस द्या. पेनिसिलिनची एक सुई टोचून माणसाला घरी पाठवणं म्हणजे उपचार नव्हे."

कारंज्याचे डॉक्टर रऊफ आमच्यात सगळ्यात तिखट. ते बसल्या जागेवरूनच बोलले, "हुजूर, मरीज मेरे पास बुखार लेके आता है, आपकी किताब लेके नहीं आता. मी सुई नाई देल्ली त तो समोरच्या गल्लीत जाते. तिथं त्याले राख चाटवतात. चाटू देऊ?"

मंगरूळकडचे एक म्हातारे डॉक्टर उठले. "मिक्श्चरातला लाल रंग बंद करा म्हणता. पेशंट म्हणीन, डॉक्टर पाणी पाजून राह्यला. तो रंग त्याच्यासाठी नाई सायब, त्याच्या भरवशासाठी हाये. भरवसा तुमी नागपूरहून पाठवसान का?"

मंग काय, साऱ्यायचीच तोंडं सुटली. कोणी म्हणे पगार पाठवा, कोणी म्हणे औषधं पाठवा, मंग अक्कल पाठवजा. सायब ऐकत होते, हासत होते. शेवटी त्यायनं कागद पाह्यला अन् म्हणाले, "सगळ्यात जास्त सुया कामरगावला. गावंडे कोण?"

मी उभा राह्यलो. माझ्या डोक्शात तिडीक गेली होती.

"मी गावंडे. अन् काहून सुया देतो ते ऐकून घ्या. माझ्या गावाबाहेर सोमला नायकाचा तांडा हाये. गेल्या पावसाळ्यात तिथल्या एका माणसाले हगवणीच्या गोळ्या देल्या, पुऱ्या दिवसाच्या, तुमी म्हणता तशा. नायकानं त्या ताटात ओतल्या अन् ज्याचं ज्याचं पोट दुखत होतं त्या साऱ्यायले एकेक वाटली. तांड्यात कोणी बोकड कापला त घरोघरी वाटा जाते. गोळ्याही तशाच गेल्या. तुमी याले अडाणीपणा म्हणसान. त्यायच्यात एकट्यानं खाणं हे पाप हाये, समजलं? मूठभर गोळ्या मी एकाच्या हातात ठेवल्या तरी त्या दहा तोंडात जातात, अन् दहाही जण आजारीच राह्यतात. सुई वाटता येत नाई सायब! ज्याच्या अंगात गेली, त्याचीच राह्यते!"

साऱ्या डॉक्टरायनं बाकं बडवली. रऊफ त "वाह गावंडे, वाह!" करून वरडले. मले वाटलं, झालं, सायब आता गाडी पकडते. पण सायब म्हणाले, "कारण चांगलं आहे. मी कामरगावला येऊन बघतो."

अन् आलेच. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! जीप घेऊन आले, डाकबंगल्यात उतरले अन् सकाळी माझ्या दवाखान्यात, माझ्याच खुर्चीच्या बाजूले खुर्ची टाकून बसले. मी चिठ्ठी लिहाले लागलो की हे मान लांब करून पाहत. पेशंटले विचारत, "तुम्हाला सांगितलं का काय औषध आहे ते?" पेशंट माझ्याकडे पाहे. मी भिंतीकडे पाहो.

थंडीचे दिवस होते, कापूस वेचणं चालू होतं. अशात सोमला नायक गाडी घेऊन आला. गाडीत कडब्यावर त्याची लहानी सून सोनीबाई. त्याच्या पोराची, अमरसिंगाची बायको. हे पोरगी मले चांगली ठाव होती. मागं पायात काटा मोडला तवा आलती, अन् माझी सुई पाहून म्हणाली होती, "डॉक्टर, हे बैलाची सुई हाये, माणसाची दाखव." साऱ्या दवाखान्याले हासवून गेली होती. आता तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. श्वास लागलेला, ओठ काळे पडलेले, खोकल्यात तांबूस थुंकी. छातीशी तान्ही पोर, तिले सोडाले तयार नाई.

सायबानं नळी लावली, मी बी लावली. उजव्या बाजूले न्यूमोनिया. रोगावर आमचं एकमत झालं, तेवढंच काय ते झालं.

"सल्फाच्या गोळ्या द्या," सायब म्हणाले. "घरी पडून घेईल. या थंडीत रोज हिला गाडीतून आणणार आहेत का?"

"आणतीन. मी पेनिसिलिन देतो."

"पुरे दिवस आणतील? बरं वाटलं तरी?"

"एक दिवस चुकला त माझं नाव बदलून टाकजा! गोळ्या देल्या त उद्या साऱ्या तांड्यात वाटून होतीन अन् हे पोरगी परवा मसणात जाईन. तुमच्या सुधारणेपायी मी हिले मरू देऊ?"

मी हे साऱ्या पेशंटासमोर बोल्लो. सायबाचा चेहरा लाल झाला, पण आवाज नाई चढला. "रोगी तुमचा आहे, गावंडे. सुई द्या. पण रोज छाती ऐका. रोज."

मले शिकवते! मी सुई देल्ली. मंग सोमलाले समोर उभं केलं अन् बोट नाचवून सांगतलं, "रोज एक सुई. सुटली त खेळ खलास. समजलं?"

सोमला हात जोडून म्हणाला, "रोज एक भेटन जी? रोज?"

"रोज. मी देतो म्हणलं ना!"

बुढ्याच्या डोळ्यात पाणी आलं. पागोटं काढून त्यानं माझ्या पायावर ठेवलं. मी सायबाकडे पाह्यलं, मनात म्हणलं, पाह्य लेका, कोणाच्या पायावर पागोटं पडलं ते.

दुसऱ्या दिवशी सायब आसेगावकडचा दवाखाना पाहाले गेले. ब्याद टळली म्हणून मी चहा दोनदा पेलो. बाजाराचा दिवस, रांग पार कडुलिंबाखाली गेलेली. अन् त्या गर्दीतून सोमला येऊन राह्यला, मागं घुंगट घेतलेली सून, पायी! काल गाडीत आडवी आलेली बाई आज आपल्या पायानं दवाखान्याची पायरी चढली. सांगा आता, याच्यापुढं नळी कायले लावाची? खोकत होती जराशी, अंग कोमट होतं. सासऱ्यासमोर तिनं तोंड उघडलं नाई, बोल्ली नाई. त्यायच्यात सुना सासऱ्यासमोर असंच राह्यतात. भिंतीकडे तोंड करून उभी राह्यली, मी कमरेत सुई देल्ली अन् पुढचा पेशंट बोलावला. पाह्यलं का, पी हळद अन् हो गोरी म्हणून लोक आमाले हासतात, अन् इथं खरंच झालं.

मी ते साऱ्या बाजाराले सांगतलं. रऊफ डॉक्टरले माणूस पाठवून कळवलं. रात्री जेवताना बायकोले सांगतलं. ती म्हणाली, "आता पुरे करा, भात थंडा होऊन राह्यला."

तिसऱ्या दिवशी सायब परत आले. मी त्यायची वाटच पाहत होतो. चहा मागवला, खुर्ची पुसून देल्ली.

"ती पोरगी चालत आली काल," मी म्हणलं. "चालत!"

"छाती ऐकली?"

"सायब, बाई चालत आली! छाती काय ऐकता? तुमच्या गोळ्या राह्यल्या असत्या त आज चार माणसायच्या खांद्यावर असती."

सायबानं नळी गळ्यात अडकवली. म्हणाले, "आली की मी ऐकतो."

तेवढ्यात सोमला आला. सोबत बाई, डोक्यावरून घोंगडी ओढलेली, थंडीतापानं लटलट कापून राह्यलेली. मले जरा खटकलं, काल एवढी कापत नव्हती. पण म्हणलं, सकाळचं गार वारं लागलं असन. मी कंपाउंडरले सुई उकळाले सांगतली. सायबानं हात पुढं केला, "हात द्या बाई."

घोंगडीतून हात आला. वाळलेला, सुरकुत्या पडलेला, नसा वर आलेल्या. सायबानं तो हात धरला अन् माझ्याकडे पाह्यलं.

मी घोंगडी मागं ओढली. सोमलाची बायको, गोमतीबाई! बुढी डोळे मिचकावून माझ्याकडे पाहत होती.

"हे कोण आणलं बे?" मी वरडलो. "सोनीबाई कोठी हाये?"

"घरी हाये जी," सोमला म्हणाला. आवाजात काही लपवणं नाई, काही भेव नाई. "तिची परवा झाली. काल मोठ्या सुनेची झाली, रामीची. आज बुढीची पाळी हाये."

तवा मले समजलं. काल घुंगटात रामीबाई होती. मोठी सून. ताप आलेली, पण चालू शकणारी. मी कालपासून जिच्या पायी चालण्याचे डंके वाजवून राह्यलो होतो, ते पाय दुसरीचेच होते.

मी सोमलाची बंडी धरली. "अबे, अक्कल कोठी ठेवली? ते सुई सोनीबाईची होती! रोज तिचीच!"

त्यानं माझा हात नाई काढला. मलेच काही समजत नाई अशा नजरेनं तो पाहत राह्यला. "तुमीच त म्हनलं जी, रोज एक सुई. घरात तिघी तापल्या व्हत्या. एकीनंच रोज घ्याची अन् दोघीयनं तिचं तोंड पाहाचं? असं त आमच्यात कोनी नाई करत. अन् आमी तिले भाग नाई पाडलं जी. पह्यली सुई लागली अन् रातीच तिले घाम आला, ताप उतरला, पेज पेली. सकाळी रामी तापली त सोनीच म्हनली, मले बरं वाटते, आता माही सुई इले द्या. पुन्यवान पोरगी हाये."

"आता कशी हाये?"

"काल सांजेपासून पुन्हा श्वास लागला. म्हनलं, तिची पाळी उद्या येईन."

सायब उभे राह्यले होते. मी त्यायच्या तोंडाकडे पाह्यलं. मले वाटलं, आता म्हणतीन, काय गावंडे, सुई वाटता येत नाई ना? त्यायनं म्हणावं असं मले वाटत होतं, म्हणजे मले त्यायच्या अंगावर धावून जाता आलं असतं. "बोला ना!" मी वरडलो. "आता काहून गप्प? बोला!"

"औषध घ्या. जीप काढतो," ते म्हणाले.

जीपमधी मी समोर बसलो, मागं सोमला अन् गोमतीबाई. रस्ता कायचा, गाडीवाट. दर गचक्याले बुढी कण्हे अन् मले अजून राग चढे. सायबाचा, सोमलाचा, त्या सुईचा. बोर्डाचा बी. अरे, एका घरात तिघी आजारी हायेत हे मले कोणी सांगाचं? मी विचाराचं? रांग कडुलिंबापर्यंत होती! सायब गाडी चालवत समोर पाहत होते.

तांड्यात झोपडीसमोर अमरसिंग उकिडवा बसला होता, मांडीवर तान्ही पोर. आमाले पाहून उठला अन् बाजूले झाला. आत सोनीबाईचं डोकं रामीबाईच्या मांडीवर होतं. रामीबाई कालच्या सुईनं घाम येऊन बसलेली, अन् ही श्वासासाठी तडफडून राह्यलेली. नळी लावाची गरज नव्हती. सायबानं लावली. मंग काढली अन् मले खूण केली, लवकर.

मी कुपीत पाणी सोडलं, हलवाले लागलो. सोनीबाईनं डोळे उघडले. मी तिले दिसलो असन. तिनं ओठ हलवले, मी कान जवळ नेला.

"सासूची झाली?" तिनं विचारलं.

"गप राह्य," मी म्हणलं. "बोलू नको. हे तुही हाये. पुढच्या साऱ्या बी तुह्याच. ऐकतेस का पोरी?"

तिनं ऐकलं की नाई, मले ठाव नाई. मी सुई भरली, वर धरून हवा काढली अन् तिच्याकडे वळलो, तेवढ्यात सायबानं माझा हात धरला. त्यायचा दुसरा हात तिच्या मनगटावर होता. ते मनगट त्यायनं हळूच तिच्या छातीवर ठेवलं.

रामीबाईनं गळा काढला. बाहेर अमरसिंगाले काही सांगावं लागलं नाई.

मी भरलेली सुई हातात घेऊन तसाच बसलो होतो. गोमतीबाई दारातून आत आली, तापानं झोकांड्या खात. सुनेजवळ बसली. तिच्या कपाळावरचे केस मागं सारले. मंग सुनेचा हात उचलून माझ्यासमोर धरला.

"दे," ती म्हणाली.

"माय, ती गेली."

"मले दिसते. आंधळी नाई मी. तिची सुई तिले दे. तिची पाळी आमी खाल्ली. मी तिचं नाई ठेवत. दे तिले!"

"मेलेल्या माणसाले सुई नाई देत माय."

"काहून नाई देत? साऱ्यायले त देतो! तुह्या दवाखान्यात जो आला त्याले देतो, अन् माह्या सुनेलेच नाई देत?"

ती मले शिव्या द्याले लागली, आपल्या बोलीत, एकामागं एक. सोमला तिले आवराले आला त त्यालेही ढकललं. मी सायबाकडे पाह्यलं. जन्मभर लोकायले सुई देऊ नका म्हणून सांगत फिरणारा माणूस, त्याच्या डोळ्यातून पाणी गळून राह्यलं होतं. मले वाटलं, हा म्हणीन, द्या गावंडे, बुढीच्या समाधानासाठी द्या. तसं काही म्हणाला नाई. त्यानं गोमतीबाईच्या पाठीमागं जाऊन तिचे दोन्ही खांदे घट्ट धरले.

"हिला द्या," तो म्हणाला. "हिची छाती भरली आहे."

मागणाऱ्याले कधी नाई न म्हणणारा मी, नको म्हणणाऱ्या बुढीले त्या दिवशी जबरीनं सुई टोचली. ती हातपाय झाडत होती, सुनेचा हात सोडत नव्हती, अन् वरडत होती, "माही नाई हे! तिची हाये! काढ, काढून घे माह्यातून!"

"उद्या पुन्हा देईन," मी तिच्यावर वरडून राह्यलो होतो. "परवा पुन्हा. मी येईन इथं. तुलेच देईन. रामीची रामीले, तुही तुले. शिव्या दे, दगड मार, तुलेच देईन!"